अपडेटनंतर फोन बिघडला? रीसेट करण्याआधी या चुका टाळा

अँड्रॉइडचं मोठं अपडेट आलं की पाठोपाठ तक्रारी सुरू होतात: बॅटरी भराभर उतरते, फोन तापतो, एखादं ॲप उघडताच बंद पडतं. यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ सिस्टीममध्ये नसतंच. आणि जिथे असतं, तिथे घाईघाईने केलेला फॅक्टरी रीसेट (म्हणजे फोन पुसून नव्यासारखा करणं) दोषाचा पुरावाच पुसून टाकतो.

पहिल्याच दिवशी निष्कर्ष काढणं

अपडेटनंतर ॲप्सचा कोड नव्या सिस्टीमसाठी पुन्हा कंपाइल करावा लागतो, म्हणजे फोनला थेट चालवता येईल अशा रूपात आणावा लागतो. यातलं बरंचसं काम फोन चार्जिंगला लावलेला आणि पडून असताना मागच्या मागे चालतं. म्हणून एक-दोन रात्री फोन चार्जरला लावून ठेवा, मगच सेटिंग्जमधला बॅटरीचा वापर बघा. तरीही एकच ॲप यादीत सगळ्यात वर दिसत असेल, तर आधी त्या ॲपकडे वळा.

थेट रीसेट करणं

मार्च २०२१ मध्ये जगभर अँड्रॉइडवरची अनेक ॲप्स, अगदी जीमेलसुद्धा, उघडताच बंद पडू लागली. बिघाड वेबव्ह्यूमध्ये होता, म्हणजे ॲपच्या आत वेबपानं दाखवणाऱ्या घटकात. प्ले स्टोअरमधून ‘अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू’ आणि क्रोम अपडेट केलं की काम होत होतं. अख्खा फोन पुसायची गरजच नव्हती.

तेव्हा आधी फोन रीस्टार्ट करा आणि प्ले स्टोअरमधली राहिलेली अपडेट्स घ्या. मग सेफ मोड: बहुतेक फोनवर पॉवर मेनूतलं ‘पॉवर ऑफ’ दाबून धरलं की त्याची विचारणा होते. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली ॲप्स बंद राहतात. तिथे त्रास थांबला, तर दोषी त्यांच्यातलंच कुणीतरी. सगळ्यात नवं ॲप आधी काढा, एकेक करत मागे जा. त्रास तसाच राहिला तर सिस्टीमवर संशय घ्यायला जागा आहे.

सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपची ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर स्टोरेज’ ही बटणं शेजारी-शेजारी असतात. पहिल्याने फक्त तात्पुरत्या फाइल्स जातात, पण दुसऱ्याने ॲपमधलं लॉगिन आणि साठवलेला डेटाही जातो. ते दाबण्याआधी दोनदा वाचा. रीसेट करावाच लागला तर बॅकअप घ्या आणि फोनवरच्या गुगल खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवा. रिकव्हरीतून (फोन बंद असताना बटणं दाबून उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूतून) रीसेट केलेला फोन सुरू होताना जुनं खातं मागतो.

जुन्या आवृत्तीवर परतण्याचा हट्ट

तसं करताना डेटा बहुधा पुसला जातो. काही फोनवर तर वाटच बंद असते: गुगलच्या पिक्सेल ६ मालिकेवर अँड्रॉइड १३ चढवल्यावर बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) अँड्रॉइड १२ सुरू होऊ देत नाही. ही सोय सुरक्षेसाठी आहे, ती चुकवायच्या फंदात पडू नका.

अर्धवट तक्रार पाठवणं

आमच्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ‘अपडेटनंतर फोन हँग होतो’ एवढ्यावर कोणताही डेव्हलपर काही करू शकत नाही. अबाउट फोनमध्ये ‘बिल्ड नंबर’वर ७ वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, तिथून ‘बग रिपोर्ट’ घ्या; फोनमधल्या घडामोडींच्या नोंदी, म्हणजे लॉग, त्यात झिप फाइल होऊन मिळतात. बिघाड झाल्या झाल्या घ्या, कारण लॉगची जागा ठरावीक असते आणि नव्या नोंदी जुन्यांना पुसत जातात. या झिप फाइलमध्ये खासगी माहितीही असते, म्हणून ती चारचौघांत टाकू नका. सोबत बिल्ड नंबर, नेमकी वेळ आणि बिघाड पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या लिहा.

मूळ फाइल जोडणं किती मोलाचं असतं, हे २०२० मध्ये दिसलं. एक विशिष्ट फोटो वॉलपेपर म्हणून लावला की अँड्रॉइड १० चालवणारे काही फोन पुन्हा पुन्हा बंद पडत. फोटोची रंगप्रोफाइल, म्हणजे रंगांचे आकडे कसे वाचायचे ते सांगणारी माहिती, वेगळी होती. उजळपणाचा हिशेब २५५ च्या वर जाई, आणि त्यासाठी राखलेले रकाने होते ० ते २५५. अशा वेळी स्क्रीनशॉट जोडून भागत नाही, कारण दोष दडलेला असतो तो मूळ फाइलच्या रंगप्रोफाइलमध्ये.

मराठीचंही तसंच. ‘शोधात शब्द सापडत नाही’ असं लिहिण्याऐवजी शब्दच द्या. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं चिन्ह) आणि य. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण सर्चला ते वेगळे वाटू शकतात. म्हणून शब्द कॉपी करून पाठवा, आणि तो कोणत्या कीबोर्डवर टाइप केला तेही कळवा.