जुन्या पद्मिनीच्या इंजिनाचं पाणी कुठून लीक होतंय ते कसं शोधायचं आणि कसं बंद करायचं

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, पण घरोघरी जपलेल्या पद्मिनी आणि त्याआधीच्या फियाट ११०० अजून भरपूर आहेत, आणि त्यांच्या मालकांची एक तक्रार हमखास ऐकू येते, की गाडी पाणी पिते. रोज सकाळी रेडिएटरचं झाकण उघडायचं, बाटलीभर पाणी ओतायचं आणि निघायचं, असं वर्षानुवर्षं चालू असतं. खरं नुकसान त्यानेच होतं. नळाचं नाहीतर बोअरचं पाणी रोज नवं घातलं की रोज नवा क्षार आत जातो, आणि पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा तर हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे बीड गंजतं आणि अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पडतात. म्हणून गळती छोटी असतानाच शोधा. अ‍ॅम्बेसेडरवाल्यांनाही यातलं जवळपास सगळं लागू आहे, फक्त तिच्या जुन्या इंजिनाचं हेडही बिडाचं असतं.

आधी हे बघा की लीक खरंच आहे का. बऱ्याच जुन्या गाड्यांना जास्तीचं पाणी धरणारी बाटली नसते, पाणी गरम होऊन फुगलं की झाकणाखालच्या बारीक पाइपातून सरळ रस्त्यावर पडतं. तुम्ही रेडिएटर गळ्यापर्यंत भरत असाल तर ते पडणारच. वर साधारण इंचभर जागा सोडा, दोन-तीन दिवस तसंच चालवा, लेव्हल तिथेच थांबली तर लीक नाहीच, उगाच पार्ट बदलत बसू नका.

लेव्हल तरी उतरत असेल तर सुट्टीच्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कामाला लागा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, घाटात गाडी तापली तरी नाही, बॉनेट उघडून अर्धा-पाऊण तास थांबा. आणि तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नका, अ‍ॅल्युमिनियमचं हेड त्याने वाकतं, कधी तडकतं, आणि मग शंभर-दोनशेच्या होज पाइपाचं काम हेडच्या कामावर जातं.

शोधायची पद्धत सोपी आहे. इंजिन आणि रेडिएटर फडक्याने स्वच्छ कोरडं करा, रात्री गाडीखाली पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र पसरा, चाकांच्या जागा त्यावर पेनाने काढून ठेवा म्हणजे डाग नेमका कशाखाली पडलाय ते सकाळी कळतं. कूलंट असेल तर हिरवट डाग दिसतो, साधं पाणी असेल तर तांबूस किंवा पांढरट सुकलेला ओघळ. पण एक लक्षात ठेवा, पाणी पडतं तिथे गळत असेलच असं नाही, पंख्याचा वारा ते मागे उडवतो, म्हणून ओघळ धरून टॉर्चने वरवर जायचं, सगळ्यात उंचावरची ओली जागा हीच खरी जागा. गॅरेजमध्ये हाताने दाब देणारा प्रेशर टेस्टर असतो, तो लावून घेतला तर फारच उत्तम. फक्त दाब तुमच्या झाकणावर लिहिलाय तेवढाच द्यायला सांगा. जुन्या गाड्यांचं झाकण बहुतेक ४ ते ७ पीएसआयचं असतं, नव्या गाड्यांचं १३-१५ च्या घरातलं, आणि तो दाब जुन्या पितळी रेडिएटरच्या झाळलेल्या सांध्यांना झेपत नाही. कित्येक पद्मिनींना कुणीतरी मापात बसलं म्हणून नव्या गाडीचं झाकण लावून दिलेलं असतं आणि गळती तिथूनच सुरू झालेली असते. झाकणाचं रबरही बघा, कडक झालं किंवा चिरलं असेल तर झाकणच बदला.

आता जागा सापडली की त्याप्रमाणे काम.

होज पाइप असेल तर तुम्ही सुटलात. वरचा, खालचा आणि बायपासचा, तिन्ही दाबून बघा, क्लिपपाशी फुगलेला, लिबलिबीत किंवा दाबल्यावर करकरणारा पाइप सरळ बदला, आणि एक गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत, सगळे एकदम घ्या. जुन्या खालच्या पाइपात आतून स्प्रिंग असेल तर ती नव्यात घालायला विसरू नका, पंप ओढतो तेव्हा पाइप चपटा होऊ नये म्हणून ती असते. नवा पाइप चढवण्याआधी धातूचं तोंड नीट बघा. तिथे क्षार आणि खड्डे असतात, ते बारीक पॉलिश पेपरने साफ केले नाहीत तर नवा पाइपही गळतो आणि लोक क्लिप आवळत बसतात, मग क्लिप पाइपच कापते. पार्ट्स पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर शोधले तर अजून मिळतात, जुना पाइप सोबत न्या.

वॉटर पंप. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून ते ठेवलेलं आहे. तिथून थेंब येत असेल तर सील गेलं, आणि ते भोक बुजवणं हा उपाय नाही, एम-सील लावून बुजवलेले पंप बघितलेत, बेअरिंग जाम होऊन बेल्ट तुटतो. इंजिन बंद असताना पंख्याचं पातं धरून पुढेमागे हलवा, खेळ लागला तर बेअरिंगही गेलं. पंप उतरवताना पाणी आधी काढा, बेल्ट सैल करा, बोल्ट छोटे-मोठे असतात म्हणून पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून त्या त्या जागी टोचून ठेवा. जुनं गॅस्केट खरवडताना अ‍ॅल्युमिनियमवर स्क्रू ड्रायव्हर चालवू नका, ओरखडा पडला की तिथूनच पुन्हा गळणार. नवं गॅस्केट, दोन्ही बाजूंना कंपाउंडचा अगदी पातळ हात, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे. बेल्ट बोटाने दाबल्यावर साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दबावा.

रेडिएटर. हा पितळ-तांब्याचा आहे, म्हणजे झाळता येतो, हे या गाड्यांचं मोठं सुख आहे. काढून चांगल्या रेडिएटरवाल्याकडे न्या, टाकी उघडून आतल्या नळ्या साफ करून झाळून घ्या. वरून इपॉक्सी फासू नका, नंतर तिथे झाळ धरत नाही. आणि हळदीबद्दल. पूर्वी ड्रायव्हर लोक रेडिएटरमध्ये हळद टाकायचे, भोक बुजतं हे खरं आहे, रात्री आडवाटेला अडकलात आणि घरी पोचायचंय तर समजू शकतो, पण ती हळद भोकाइतकीच बारीक नळ्यांमध्येही बसते आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी तापायला लागते. बाजारात मिळणाऱ्या लीक बंद करायच्या पावडरींचंही माझं मत हेच.

कोअर प्लग, म्हणजे ब्लॉकच्या बाजूला ठोकलेल्या गोल पत्र्याच्या टोप्या. साध्या पाण्याने आतून गंजून त्यांना सुईएवढं भोक पडतं, आणि बऱ्याचदा त्या मॅनिफोल्डच्या मागे असतात म्हणून कुणाला दिसत नाहीत. काढताना एका कडेवर पंच ठेवून हलके ठोका, टोपी तिरकी होते, मग पकडीने धरून बाहेर ओढा, ब्लॉकच्या आत पडू देऊ नका. बसायची जागा चकचकीत साफ करा, कडेला थोडं सीलंट, आणि नवी टोपी मापाचा सॉकेट लावून सरळ ठोकत बसवा. शक्यतो पितळी घ्या.

बाहेर कुठेच ओलं नाही आणि तरी पाणी जातंय, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या गॅस्केटचा संशय घ्या. थंड इंजिनाला झाकण उघडून स्टार्ट करा, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडण्याआधीच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबेचना, किंवा डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं, तर गाडी चालवू नका. पावसाळ्यात नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधाळ थर दिसतो, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. हे काम पहिल्यांदा करत असाल तर जाणत्या मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून करा. हेड सरळपट्टीने तपासून वाकलं असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर सपाट करून घ्यायचं, बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) आणि मॅन्युअलमधल्या आकड्यालाच आवळायचे. अंदाजाने आवळलेलं हेड परत उघडावं लागतं.

दुरुस्ती झाली की आतली घाण काढा. खालचा नळ उघडून पाणी सोडा, थर्मोस्टॅट काढा, बागेच्या नळीने उलट्या दिशेने स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे सवय आहे, तसं करू नका, त्याविना इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. भांड्यात पाणी गरम करून त्यात बुडवून बघा, त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडला तर चांगला आहे.

मग भरायचं. जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून तीस-चाळीस टक्के कूलंट पुरतं, ते गंज रोखण्यासाठीच घालायचंय. नव्या गाड्यांचं लाँग लाइफ कूलंट जुन्या झाळीला आणि गॅस्केटना मानवेलच असं नाही, मी घालत नाही. गाडीचं नाक थोडं चढावर ठेवा, हळूहळू भरा, झाकण उघडं ठेवून आयडलवर चालू द्या, वरचा पाइप गरम झाला आणि बुडबुडे थांबले की इंचभर जागा सोडून झाकण लावा. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात सोडू नका, ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला द्या.

पुढचा आठवडाभर रोज सकाळी थंड इंजिनाची लेव्हल बघा आणि पुठ्ठा खाली असू द्या. नव्या पाइपांच्या क्लिप पहिल्या लांबच्या फेरीनंतर एकदा पुन्हा आवळायच्या, रबर बसतं म्हणून त्या थोड्या सैल होतातच. हेड उघडलं असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेव्हा बोल्टचा टॉर्क परत तपासा आणि त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करून घ्या.