शिवसागराच्या पलीकडील गावांसाठी रस्ता आणि सेवा : ग्रामपंचायतीने काय करावे

सातारा जिल्ह्यात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने तापोळा आणि बामणोलीच्या पलीकडील अनेक गावांना बेटाचे रूप दिले. तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला सह्याद्रीचा कडा, अशा जागी शाळा, दवाखाना, रेशन आणि रस्ता कसा आणावा, हे इथे सांगायचे आहे. पुलाची मागणी जरूर करावी, परंतु पूल होईपर्यंत बाकीच्या सेवा अडकवून ठेवू नयेत. ओडिशात मलकानगिरी जिल्ह्यात बलीमेला जलाशयाने १५१ गावे तोडली होती. तिथल्या ९१० मीटर लांबीच्या गुरुप्रिया सेतूची पायाभरणी १९८२मध्ये झाली आणि तो वाहतुकीला खुला झाला जुलै २०१८मध्ये. एवढ्या काळात गावात एक पिढी जन्मून मोठी होते.

पहिले काम म्हणजे पाण्याची नोंद. पावसाळा संपताना भरलेला जलाशय मे महिन्यापर्यंत बराच खाली जातो, काठ दूर सरतो आणि मध्ये गाळाचा पट्टा उघडा पडतो. म्हणून भरल्या पाण्याच्या हिशेबाने बांधलेला एकच धक्का वर्षभर उपयोगी पडत नाही. लाँच कुठे लागते आणि तिथून वस्तीपर्यंत किती चालावे लागते, याची दर आठवड्याला वर्षभर नोंद ठेवावी आणि धरण व्यवस्थापनाकडून मागील वर्षांच्या पातळीचे आकडे लेखी मागवावेत. हा कागद हाती असला की टप्प्याटप्प्याने खाली उतरणारा काँक्रीटचा उतार हवा की पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का हवा, हे अभियंत्याला गावाच्या अनुभवावरून पटवून देता येते.

दुसरे काम लाँचचे. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ या कायद्यात जलयानाची नोंदणी, तपासणी आणि विमा यांची तरतूद आहे. ही कागदपत्रे पाहिल्याशिवाय प्रवासी वाहतुकीचा ठराव करू नये. आसनांइतकी लाइफ जॅकेट असावीत आणि वेळापत्रक शाळा, बाजार व बँकेच्या कामकाजाशी जुळवलेले असावे. धान्य, गॅस सिलिंडर आणि वाहनांसाठी बार्जच्या, म्हणजे सपाट मालवाहू बोटीच्या, फेऱ्या वेगळ्या मागाव्यात. नवी लाँच घेण्यासाठी निधी मिळवताना डिझेल, चालकाचा पगार आणि दुरुस्ती यांची वार्षिक तरतूदही त्याच प्रस्तावात लिहून घ्यावी, कारण ती नसेल तर चांगली लाँचही धक्क्याला बांधलेली राहते.

आरोग्यसेवेबाबत विशेष काळजी घ्यावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका काठापर्यंत येईल, पुढचे पाणी कुणी ओलांडायचे हे आधी ठरलेले असले पाहिजे. आशा सेविका, लाँचचालक आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांचे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घरी असावेत, रात्रीच्या फेरीचा खर्च कोण देणार हे ग्रामसभेत लिहून ठेवावे आणि प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या स्त्रीची अलीकडच्या काठावर राहण्याची सोय चार-आठ दिवस आधीच करावी. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या फुगवट्यावर तरंगता दवाखाना चालवला गेला आहे, त्यामुळे अशी मागणी राज्याला अपरिचित नाही.

रस्त्याकडे वळताना प्रथम जमीन कुणाची हे पाहावे. वनजमीन असेल तर वनहक्क अधिनियम, २००६ याचे कलम ३(२) वाचावे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाणीपुरवठा, वीजवाहिनी आणि रस्ता यांसह १३ प्रकारच्या सुविधांसाठी, प्रत्येक वेळी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागणार नाहीत अशा मर्यादेत, ग्रामसभेच्या शिफारशीने परवानगी मिळू शकते. या सभेला निम्म्या सभासदांची गणपूर्ती लागते. ती नसलेला ठराव पुढे टिकत नाही, म्हणून सह्या नीट घ्याव्यात. मात्र कोयना अभयारण्य १९८५पासून आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१०पासून अस्तित्वात असल्याने, रस्ता त्या हद्दीतून जात असेल तर वन्यजीवविषयक मंजुरीची प्रक्रिया वेगळी आणि लांब असते. शक्य असेल तिथे हद्द टाळणारी आखणी आधी सुचवावी.

निधीसाठी प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा चौथा टप्पा २०११च्या जनगणनेवर चालतो आणि सर्वसाधारण क्षेत्रात ५०० लोकवस्तीचा निकष लावतो. एकट्या वाडीची संख्या कमी पडत असेल तर लगतच्या वाड्या एकत्र मोजता येतात का, हे तपासावे, अन्यथा राज्याची ग्राम सडक योजना आणि जिल्हा नियोजन समिती यांच्याकडे जावे.

रस्ता किंवा पूल खुला झाला तरी लाँच लगेच बंद करू देऊ नये. जुलै २०२१मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागात दरडी कोसळल्या. नवा रस्ता असे किमान दोन पावसाळे सोसून वाहता राहिला, तरच लाँचच्या फेऱ्या कमी करण्याचा विषय ग्रामसभेपुढे आणावा.