बिझेनची फुलदाणी पाण्याला तयार करताना

माझी भाची नोकरीनिमित्त जपानात ओकायामाला असते. मागच्या दिवाळीत सोलापूरला आली तेव्हा माझ्यासाठी वीतभर उंचीची एक फुलदाणी घेऊन आली. बिझेनची, म्हणजे तिकडच्या एका जुन्या प्रकारची मातीची, हाताने घडवलेली, लाकडाच्या भट्टीत भाजलेली. वर कसलीच झिलई नाही. बदामी अंगावर तांबूस-केशरी रेघा आहेत, सुतळी गुंडाळून सोडवल्यासारख्या. त्या रंगवलेल्या नाहीत. भाजण्याआधी भांड्याला भाताचा पेंढा गुंडाळतात, आणि पेंढ्यातल्या क्षाराची मातीतल्या लोहाशी गाठ पडली की त्या जागी हा रंग उमटतो. तिकडे त्याला हिदासुकी म्हणतात. मातीसुद्धा भातखाचरांच्या खालून काढलेली. भट्टीत पाइनचं लाकूड आठवडा-दोन आठवडे जळत असतं आणि आच १२०० अंशांच्या वर जाते.

मी आनंदाच्या भरात लगेच पाणी भरलं, शेवंतीची दोन फुलं ठेवली आणि फुलदाणी सासूबाईंच्या सागवानी टेबलावर मांडली. सकाळी पाहते तर खाली काळपट वळं. फार वाईट वाटलं. भाचीला सांगितलं तर म्हणाली, "मावशी, आधी ती तांदळाच्या पाण्यात उकळायची असते गं." तेव्हापासून जे जे करत आले ते सांगते. तुमच्याकडे बिझेन किंवा शिगाराकी (जपानातलाच आणखी एक प्रकार) अशी बिनझिलईची फुलदाणी आली तर टेबल तरी वाचेल.

आपला माठ कमी आचेवर भाजलेला असतो. तो पाझरतो म्हणूनच पाणी गार होतं. बिझेनची माती कितीतरी घट्ट भाजली जाते, तरी बारीक छिद्रं राहतात. ती बुजवायची आहेत.

आधी बोटाच्या पेराने टिचकी मारून बघा, माठ घेताना मारतो तशी. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, आणि तडा उकळून बुजत नाही. मग बूड चाचपा. खरखरीत लागलं तर बारीक पॉलिश पेपर ओला करून गोल फिरवत घासा. कोरडा घासू नका, धूळ नाकातोंडात जाते.

यानंतर फुलदाणी गळ्यापर्यंत भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद नुसता दमट असेल तर काळजी नाही. अक्षरं भिजून पलीकडची दिसायला लागली असतील तर उकळायची तयारी करा.

तांदळाचं पहिलं, दाट धुवण साठवा. मी त्यात वाटीभर भाताची पातळ पेजही मिसळते. मोठ्या पातेल्याच्या तळाशी जुन्या चादरीचा तुकडा चौघडी करून घालते, म्हणजे उकळताना बूड आपटत नाही. फुलदाणी आतून-बाहेरून बुडेल इतकं धुवण ओता. पाणी गार असतानाच भांडं आत जायला हवं. गॅस बारीक ठेवा, हळूहळू उकळी येऊ द्या आणि अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्या. मग गॅस बंद करा आणि हात लावू नका. त्याच पाण्यात पूर्ण निवायला हवी, मला रात्रभर लागली. घाईने बाहेर काढून नळाखाली धरलीत तर तडकेल. सकाळी साध्या पाण्याने धुवा, दोन दिवस सावलीत सुकवा आणि पुन्हा कागदावर ठेवून बघा. माझी दुसऱ्या खेपेला पाझरायची थांबली. एक लक्षात असू द्या: या फुलदाण्या थेट जाळावर ठेवायच्या नसतात.

रोजच्या वापरात एवढंच करते, की फुलं ठेवण्याआधी फुलदाणी पाच मिनिटं पाण्यात बुडवून काढते. ओल्या अंगावर त्या केशरी रेघा एकदम गडद होतात, ते बघण्यासारखं असतं. साबण मुळीच लावू नका, छिद्रांत शिरून बसतो. नुसतं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

आपल्याकडचा खरा त्रास बोअरच्या पाण्याचा. आठवड्यात आतून पांढरा थर धरतो. एक वाटी व्हिनेगरला चार वाट्या पाणी घेऊन अर्धा तास भरून ठेवा आणि तीन-चारदा खळखळून धुवा. शक्यतो फुलांना नळाचंच पाणी घाला. रोज येत नाही, पण तांब्याभर बाजूला काढता येतं. उन्हाळ्यात ते रोज बदलावं लागतं, नाहीतर वास मारतो.

आत ठेवून द्यायची झाली तर कपाटात ओली ठेवू नका, बुरशी धरते. चार दिवस पालथी, पण तोंडाखाली काडी देऊन, वारा लागेल अशी ठेवा.

पाडव्याला कडुनिंबाची मोहोरासकट डहाळी ठेवली होती. टेबलावरचं वळं गेलं नाही, म्हणून फुलदाणी त्याच्यावरच ठेवते. खाली कागद असतो. आज सकाळी उचलून पाहिला, कोरडा होता.