या चुका टाळा: जुनी बेसबॉल कार्डं घेताना

"काकू, फिट्ट बसलंय बघा," म्हणत त्या मुलाने टॉपलोडर, म्हणजे कार्ड ठेवायचं कडक प्लास्टिकचं पाकीट, माझ्या हातात दिला. न्यू जर्सीतला मंडळाचा दिवाळी कार्यक्रम, टेबलावर फराळाच्या कागदी डिशेस आणि मध्येच हे टॉप्स कंपनीचं १९५२ चं कार्ड, बेसबॉलपटू मिकी मँटलचं. नऊशे डॉलर मोजले होते त्याने, ऑनलाइन, रात्री एक वाजता. मी आधी हात पुसले. कार्ड नीट बघायच्या आधीच कळलं होतं की पैसे गेले, आणि कळलं ते त्या 'फिट्ट'मुळेच.

१९५२ ते १९५६ ची टॉप्सची कार्डं मोठी असत. रुंदी अडीच इंचांहून थोडी जास्त, उंची पावणेचार इंच. आजचं अडीच बाय साडेतीनचं माप आलं १९५७ मध्ये. नेहमीच्या टॉपलोडरमध्ये खरं १९५२ चं कार्ड जातच नाही. याच्याकडे होतं ते १९८३ साली टॉप्सनेच काढलेलं रिप्रिंट. त्यात लपवाछपवी काही नव्हती, मागे तसं स्पष्ट छापलेलं असतं. पण मधल्या कुणीतरी नेमकी तेवढीच अक्षरं खरवडली होती आणि वर चहाचा डाग पाडून कार्डाला वय आणलं होतं. पर्समधलं भिंग काढून त्याला ती जागा दाखवली.

"नऊशेत १९५२ चं मँटल येतं का रे?" एवढंच मी विचारलं. घड्या पडलेलं, कोपरे गेलेलं खरं कार्डसुद्धा हजारो डॉलरच्या खाली मिळत नाही. उत्तम अवस्थेतलं एक २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. स्वस्तात सापडलं म्हणून आनंद होण्याऐवजी पोटात गोळा यायला हवा. पण रात्री एक वाजता कुणाला घाई आवरते?

त्यावर तो म्हणाला, "निदान रुकी कार्डाचं, म्हणजे त्याच्या पहिल्या कार्डाचं, रिप्रिंट तरी आहे ना?" तेही नाही! ही माझी सगळ्यात नावडती चूक. मँटलचं रुकी कार्ड बोमन या दुसऱ्या कंपनीचं, १९५१ चं, क्रमांक २५३. आणि हे पाठ करायची गरजच नाही, १९५२ चं कार्ड नुसतं उलटं करायचं. मागे गेल्या वर्षाचे आकडे दिलेत: ९६ सामने, १३ होम रन, सरासरी .२६७. पहिलंच वर्ष असतं तर गेल्या वर्षाची ओळ आली कुठून?

त्या एका ओळीत केवढं काय काय आहे. एकोणीस वर्षांचा पोरगा न्यूयॉर्कच्या यँकीज संघाकडून सहा नंबरची जर्सी घालून आला, मध्येच चालेना म्हणून कॅन्सस सिटीच्या खालच्या दर्जाच्या संघात धाडला गेला, परतला तेव्हा पाठीवर सात नंबर होता. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात समोरच्या संघातल्या विली मेजने मारलेला उंच चेंडू पकडायला तो धावला. आपल्याच संघातला डिमॅजिओ चेंडूखाली आहे असं दिसताच थबकला आणि मैदानातल्या गटाराच्या झाकणात बूट अडकून गुडघा गेला. पुढचे ५३६ पर्यंतचे होम रन या माणसाने असल्या पायांवर मारलेत. पुढचं रंगीत चित्र सगळेच बघतात, मागची बाजू वाचायला मात्र कुणाला वेळ नसतो.

'दुर्मीळ' या शब्दाचंही तसंच. १९५२ ची कार्डं टप्प्याटप्प्याने निघाली; त्यातली शेवटची मालिका हंगाम संपत आल्यावर बाजारात आली, पडून राहिली, आणि १९६० च्या सुमारास उरलेले खोके अटलांटिकमध्ये बुडवले गेले. हे खरंच. पण त्या मालिकेत मँटल दुप्पट छापला गेला होता हे विकणारे सांगत नाहीत. भाव चढतो तो मागणीमुळे.

आता माझी स्वतःची चूक. १९५७ चं हँक ॲरनचं कार्ड मजेशीर आहे: निगेटिव्ह उलटी छापली गेल्याने उजव्या हाताचा ॲरन त्यात डावखुरा दिसतो. मी घेतलं त्यावर कुण्या जुन्या मालकाने पेन्सिलीने बॅटशेजारी छोटा बाण काढला होता. मला वाटलं, पुसू या. चांगलं मऊ खोडरबर, हलका हात. बाण गेला आणि सोबत चकाकीही गेली. दिव्याखाली तिरकं धरलं की अंगठ्याएवढा निस्तेज डाग दिसतो. ग्रेडिंगला, म्हणजे अवस्था तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे, पाठवलं तर 'फेरफार केलेलं' म्हणून परत आलं, फी गेली ती वेगळीच. पेन्सिलीसकट ठेवलं असतं तर भाव थोडाच पडला असता.

म्हणून माझा नियम: कार्डाला पुसायचं नाही, दाबायचं नाही, कडा तर कापायच्याच नाहीत. जुना बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं टी-२०६ या सिगारेटच्या पाकिटातल्या कार्डांच्या मालिकेतलं सगळ्यात गाजलेलं कार्ड आठवा. त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या, हे ते विकणाऱ्या लिलाववाल्याने २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. तोवर ते स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंगवाल्यांच्या बंद प्लास्टिक पेटीत, मोठ्या ग्रेडचं लेबल लावून मिरवत होतं. त्यामुळे नुसत्या लेबलावर विसंबू नका, मोजायची पट्टी जवळ ठेवा.

बाकीचं थोडक्यात. रबरबँड लावू नका. अल्बमची पीव्हीसीची (एक प्लास्टिक) जुनी पानं फेकून द्या. स्क्रूचे होल्डर आवळले की कार्ड चेपतं. बेसमेंटमध्ये ठेवू नका, न्यू जर्सीत तर नाहीच. १९८० च्या दशकाच्या अखेरीच्या कार्डांचे खोके कुणी फुकट दिले तर घ्या, विकत घेऊ नका. युद्धापूर्वीचं म्हणून विकलेलं कार्ड अतिनील दिव्याखाली निळसर चमकलं तर निघून या.

नावांवरूनही फसगत होते. रोबेर्तो क्लेमेंते या खेळाडूला टॉप्सने वर्षानुवर्षं 'बॉब' छापलं. संदीपचा सँडी झालेल्यांना हे कळेल. 'रोबेर्तो' शोधत बसलात तर तेवढी वर्षं हातची जातील. आणि टेड विल्यम्स या खेळाडूचे ५२१ होम रन बघून "एवढेच?" म्हणू नका. जवळजवळ पाच हंगाम तो नौदल आणि मरीनच्या नोकरीत होता.

तो मुलगा गेल्या महिन्यात परत भेटला. या वेळी ऑरेलिओ रॉड्रिगेझचं १९६९ चं कार्ड होतं, चार-पाच डॉलरचं, कोपरे गोल झालेलं. मागचे आकडे रॉड्रिगेझचे आणि पुढे फोटो चुकून संघाच्या बॅटबॉयचा, म्हणजे बॅटी सांभाळणाऱ्या पोराचा. "काकू, हे माहीत असूनच घेतलंय," तो घाईघाईने म्हणाला.