लाल टोपी, केशरी टोपी: इंटर्नशिपला निघालेल्यांसाठी

इन्सुलिनचे प्रकार, डोस, हायपोची (रक्तातली साखर फार उतरण्याची) लक्षणं तुम्हाला पाठ असणार. मलाही होती. सिरिंज मात्र मी कधी नीट बघितली नव्हती. ते सिस्टरचं काम, असं धरून चालले होते.

मेडिसिनच्या ओपीडीत एक आजी यायच्या. रात्रीच्या जेवणाआधी 20 युनिट, तरी साखर उतरेना. लेक्चरर सरांना विचारून मी 30 केले आणि केसपेपरवर लिहिलं, 'औषध नियमित घेत नाहीत'. आजी परोपरीने सांगत होत्या, घेते गं बाई. पुढे पायाच्या जखमेसाठी त्या भरती झाल्या. नाईटच्या सिस्टरनी विचारलं, "मॅडम, एवढ्याशा जिवाला 30?" ओपीडीचाच डोस आहे, म्हणत मी सही केली. पहाटे तीनला आजी घामाने थबथबलेल्या, हाकेला ओ नाही. साखर 38. सिस्टरनी 25 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून द्यायची साखर, आधीच काढून ठेवलं होतं, म्हणून त्या वाचल्या.

कोडं सोडवलं औषधांच्या खिडकीवरच्या फार्मासिस्टनी. त्यांनी आजींच्या मुलाला घरची सिरिंज आणायला सांगितली.

आता हे सावकाश वाचा. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा एका मिलीत 40 युनिटची असते. तिची सिरिंज लाल टोपीची. मुलाने बाहेरच्या मेडिकलमधून केशरी टोपीची आणली होती, ती एका मिलीत 100 युनिटच्या बाटलीसाठीची. तिच्यात 30 च्या खुणेपर्यंत भरलं की 0.3 मिली येतं, म्हणजे खरे 12 युनिट. घरी 12 जात होते आणि वॉर्डात लाल सिरिंजमधून खरोखरचे 30 गेले. उलट झालं, म्हणजे 100 ची बाटली आणि लाल सिरिंज, तर डोस थेट अडीचपट! साखर उतरत नसेल तर डोस वाढवण्याआधी बाटली आणि सिरिंज दोन्ही बघा. दरवेळी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या आराखड्यात वेगवेगळ्या पेशांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून, एकमेकांसोबत शिकावं असं म्हटलंय. त्यातलं 'एकमेकांकडून' मला येत नव्हतं. त्याची किंमत आजींनी मोजली, हे अजून सलतं.

सही करून लायब्ररी गाठा, असं सांगणाऱ्या सिनियरांचं ऐकू नका. पीजीचा अभ्यास मलाही सुटला नाही, पण वीस वर्षं नाईट केलेल्या सिस्टरइतका चांगला शिक्षक मला लायब्ररीत भेटला नाही. त्या रागावतील, रागावू द्या. 'सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?' एवढं विचारलंत तर हातचं राखून शिकवत नाहीत. पहिल्या महिन्यात काही येत नाही असं वाटेल. सगळ्यांनाच वाटतं.

हल्ली डिस्चार्जच्या दिवशी मी घरच्यांना फार्मासिस्टसमोर त्यांच्याच सिरिंजमध्ये डोस भरून दाखवायला लावते. आजी 16 युनिटवर घरी गेल्या. मेडिकलवाल्याला दाखवायला मुलाने वहीत एक लाल टोपी चिकटवून घेतलीय.