गरुड कुठाय?

माझ्या चित्रांच्या पहिल्या एकल प्रदर्शनाच्या सात दिवसांत मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न किमतीचा नव्हता, शैलीचाही नव्हता. 'गरुड कुठाय?' हा होता. भिंतींवर कद्रू होती, विनता होती, हजार अंडी होती, फुटलेल्या अंड्यातून अर्धाच घडलेला अरुण होता. ज्याच्यासाठी ही गोष्ट लोकांना ठाऊक असते, तो तेवढा नव्हता.

ज्यांना गोष्ट आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कद्रू आणि विनता या बहिणी, आणि कश्यपाच्या बायका म्हणून सवतीही. कद्रूने हजार नाग मागितले, विनतेने दोनच मुलगे, पण कद्रूच्या मुलांपेक्षा बलवान. पाचशे वर्षांनी कद्रूची अंडी फुटली. विनतेची तशीच. तिला धीर धरवेना, तिने एक अंडं फोडलं. आतल्या मुलाचं कमरेवरचं शरीर पूर्ण होतं, खालचं घडायचं होतं. तो अरुण, म्हणजेच अनूरु, मांड्या नसलेला. 'ज्या सवतीशी बरोबरी करायला गेलीस, तिचीच पाचशे वर्षं दासी होशील,' असा शाप त्याने आईला दिला, दुसरं अंडं तरी फोडू नकोस म्हणाला, आणि पुढे सूर्याचा सारथी झाला. दुसऱ्या अंड्यातून गरुड आला.

मला त्या दोन अंड्यांमधला काळ काढायचा होता. एक फोडून झालंय, दुसऱ्याला हात लावायचा नाही, आणि अजून पाचशे वर्षं जायचीत. तिथे गरुड आला की सगळं आधीचं त्याची प्रस्तावना होऊन बसतं. हे आज मी सहज सांगते, पण इथवर यायला दोन वर्षं गेली.

सुरुवातीला माझ्याकडे 26 चित्रं होती आणि विषय होता 'पुराणकथा'. द्रौपदी होती, कर्ण होता, अहल्या होती, ग्रीक कथेतली, केसांच्या जागी साप असलेली एक मेडुसाही होती. गॅलरीच्या निवड समितीतल्या एका बाईंनी पोर्टफोलिओ शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, "हे प्रदर्शन आहे की हजेरीपट?" तेव्हा राग आला. घरी येऊन चित्रं जमिनीवर मांडली तेव्हा कळलं की बाईंनी सौम्य शब्द वापरला होता. प्रत्येक चित्र आपापल्या गोष्टीच्या जिवावर उभं होतं. द्रौपदी म्हटलं की बघणाऱ्याच्या मनात जे आपोआप उसळतं, त्याच्यावर मी जगत होते.

पुराणकथांवर काम करणाऱ्या नवख्यांसाठी हा सगळ्यांत मोठा सापळा आहे. आपल्याकडे देवादिकांचे चेहरे आधीच ठरलेले आहेत, आणि ते ठरवण्यात राजा रविवर्म्यांचा वाटा फार मोठा. 1894 मध्ये त्यांचा ओलिओग्राफचा, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांचा, छापखाना सुरू झाला आणि दरबारातली लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आली. तुम्ही सरस्वती काढायला बसता तेव्हा तुमच्या आधी ती साडी, ती वीणा, तो मोर कॅनव्हासवर येऊन बसलेले असतात. त्यांच्याशी भांडता येतं, एम. एफ. हुसेन यांनी 1971 च्या साओ पावलोच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनासाठी महाभारतावर चित्रमालिका केलीच की. पण पहिल्याच प्रदर्शनात ते भांडण अंगावर घ्यायची माझी तयारी नव्हती. विनतेचा ठरलेला चेहरा कोणाच्याच डोक्यात नसतो. माझ्याही नव्हता. म्हणून ती.

दुसरा सापळा उलट दिशेचा. 'मी कथा उलटी करते' म्हटलं की काम झालं असं वाटतं. लुचियानो गार्बाती या शिल्पकाराने 2008 मध्ये पर्सियसचं मुंडकं हातात घेतलेली मेडुसा केली. मूळ कथेत पर्सियस तिचं मुंडकं कापतो. 2020 मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये फौजदारी न्यायालयासमोर उभी राहिली तेव्हा वाहवा झाली आणि प्रश्नही आले. ओव्हिड या रोमन कवीच्या कथेत तिच्यावर अत्याचार करणारा समुद्रदेव, मग मुंडकं पर्सियसचं का? शिल्प ताकदीचं आहे, पण हा प्रश्न मला उपयोगी पडला. माझी मेडुसा अशीच, नुसती उलटी केलेली होती. ती मी बाजूला ठेवली, अजून कपाटामागे आहे.

मग वाचन. इथे आळस करू नका, कारण तुमच्यापेक्षा जास्त वाचलेला माणूस प्रदर्शनात येतोच येतो. मी महाभारताच्या आदिपर्वातलं आस्तीकपर्व, म्हणजे ही कथा असलेला भाग, भाषांतरातून दोनदा वाचलं. 1966 मध्ये पूर्ण झालेल्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत तो भाग संस्कृत येणाऱ्या मैत्रिणीला शेजारी बसवून पाहिला. फायदा असा, की लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत नसलेल्या वस्तू हाताला लागतात. उच्चैःश्रवा या दिव्य घोड्याच्या शेपटीच्या रंगावरून दोघी बहिणींत पैज लागते, हरेल ती दासी, ती काळी दिसावी म्हणून कद्रू मुलांना शेपटीच्या केसांत शिरायला सांगते. जे ऐकत नाहीत त्यांना शाप देते की जनमेजयाच्या सर्पसत्रात जळाल. आणि त्याच सत्रात व्यासांचा शिष्य वैशंपायन महाभारत सांगतो. दोन बहिणींच्या पैजेचा धागा सबंध ग्रंथाच्या चौकटीपर्यंत जातो! शेवटी आईला सोडवायला गरुडाने नागांसाठी आणलेलं अमृत दर्भावर ठेवलेलं असतं, इंद्र ते उचलून नेतो, नाग नुसता दर्भ चाटतात आणि त्यांच्या जिभा चिरतात. माझं सगळ्यांत लहान चित्र दर्भाच्या एका पात्याचं आहे, आणि सगळ्यांत आधी तेच विकलं गेलं.

आता माझी फजिती.

अरुणाचं मोठं चित्र मी तैलरंगात केलं होतं. वरचा देह पातळ थरांत, आणि जिथे पाय असायला हवेत तिथे पांढरट रंगाचा जाड लेप, रंगाच्या सुरीने (नाइफने) ओढलेला. उद्घाटनाला 5 आठवडे होते. बोट लावून पाहिलं तर कोरडं. तैलरंग हवेतल्या ऑक्सिजनने सुकतो, वरून साय धरतो आणि आत ओला राहतो, हे मला पुस्तकात माहीत होतं. शेवटचं वॉर्निश द्यायला 6 ते 12 महिने थांबायचं असतं हेही माहीत होतं. तरी मी ते चित्र बबल रॅपमध्ये गुंडाळलं, आणि बुडबुड्यांची बाजू आत ठेवून. गॅलरीत हँगिंगच्या रात्री प्लॅस्टिक सोडवताना चिकटपट्टी सोलल्यासारखा आवाज आला, तेव्हाच पोटात गोळा आला. पांढऱ्या लेपावर सारख्या अंतराने गोल गोल खळ्या, खाली डाव्या कोपऱ्यापर्यंत. धीर न धरणाऱ्या आईचं चित्र मी काढलं होतं आणि मलाच महिनाभर धीर धरवला नव्हता.

चित्र काढून ठेवावं तर मधली भिंत रिकामी. शेवटी दिव्याचा रोख थोडा वर केला आणि टांगलं. तिसऱ्या दिवशी एका गृहस्थांनी जवळ जाऊन विचारलं, "हा अंड्याच्या कवचाचा पोत कसा आणलात हो?" मी म्हटलं, "प्रयोग केला." त्याची अजून लाज वाटते.

तुम्ही असं करा. जाड रंगाची तैलचित्रं प्रदर्शनाच्या किमान सहा महिने आधी संपवा, शेवटच्या महिन्यांत फक्त कागदावरचं किंवा ॲक्रिलिकचं काम घ्या. चित्राला आधी ग्लासिन पेपर (गुळगुळीत, न चिकटणारा कागद), मग बबल रॅप, आणि बुडबुडे बाहेरच्या बाजूला. फोटो मात्र फ्रेम करण्याआधीच काढून घ्या. काच लागली की तिच्यात तुम्ही आणि तुमचा कॅमेराच दिसतो.

मांडणीबद्दल एकच आग्रहाचं सांगणं. गॅलरीचा नकाशा मागून घ्या आणि पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल करा. मी 1:20 मापाचं केलं, चित्रांच्या चिमुकल्या प्रिंट भिंतींना लावल्या. 22 चित्रं न्यायची म्हणत होते, मॉडेलमध्ये 14 वर आले. काढलेल्या आठांपैकी पाच मला फार प्रिय होती. पण विनतेच्या वाट पाहण्यासाठी मोकळी भिंत लागत होती आणि ती चित्रांनीच खाल्ली होती. टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे 57 इंचांवर ठेवतात. खिळ्याचं गणित असं: 57 मध्ये चित्राची निम्मी उंची मिळवा, आणि वरच्या कडेपासून ताणलेल्या तारेपर्यंतचं अंतर वजा करा. हे आधी कागदावर करून न्या. रात्री अकराला शिडीवर उभं राहून वजाबाकी चुकते.

चित्राशेजारच्या मजकुरावर मी खूप अडले. गोष्ट पूर्ण सांगावी तर लोक चित्र सोडून वाचत बसतात, नाही सांगावी तर निम्मे बाहेर राहतात. वाट सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या चित्रकथीत सापडली. ठाकर समाजातले कलाकार चित्रांचा एकेक कागद समोर धरतात आणि गाऊन कथा सांगतात. चित्र गोष्टीचा एकच क्षण धरतं, पुढचं-मागचं आवाज सांभाळतो. मग मी प्रवेशाजवळ एका पानात सगळी कथा लावली आणि चित्रांखाली नाव, माध्यम, माप, वर्ष एवढंच. कलाकाराचं निवेदन तर चारदा लिहिलं. पहिल्या खर्ड्यात 'स्त्रीत्वाचा आदिम शोध' असं काहीतरी होतं. मैत्रिणीने मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी हसलो. शेवटी लिहिलं, 'ही चित्रं वाट न पाहवण्याविषयी आहेत.' लोक तेच वाक्य पुन्हा माझ्यासमोर म्हणत होते.

व्यवहाराचं पटकन सांगते. करार लेखी घ्या. कमिशन किती (30 ते 50 टक्के सर्रास असतं), ते मूळ किमतीवर की सवलतीनंतरच्या किमतीवर, वाहतूक आणि विमा कोणाकडे, पैसे किती दिवसांत, न विकलेली चित्रं कधी परत. माझ्या करारात शेवटचा मुद्दा नव्हता आणि तीन चित्रं चार महिने कुठल्यातरी गोदामात पडून होती. किमती मापानुसार ठरवा आणि सगळीकडे एकच ठेवा, गॅलरीत एक नि स्टुडिओत दुसरी असं करू नका. चित्र विकलं म्हणून त्याचे छपाईचे हक्क आपोआप जात नाहीत, हे पावतीवर एका ओळीत लिहा. आणि आवडतं चित्र विकायचं नसेल तर तसं यादीतच लिहा. ऐन वेळी नाही म्हणणं फार वाईट दिसतं.

सातही दिवस मी तिथे होते. तुम्हीही राहा, पण दारात उभ्या राहू नका, लोक बिचकून आत येत नाहीत. एका आजोबांनी जरा चढ्या आवाजात विचारलं की सूर्याच्या सारथ्याला असं पांगळं, केविलवाणं कशाला दाखवलंत. मी वाद घातला नाही. प्रवेशाजवळचं पान दाखवलं आणि अनूरु या नावाचा अर्थ सांगितला. ते परत गेले, चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. त्यांना आवडलं असं मी म्हणणार नाही, पण जाताना "पुढच्या वेळी गरुड काढा" म्हणाले.

पहिल्या दिवशी 'गरुड कुठाय?'ला मी लांबलचक उत्तर देत होते. चौथ्या दिवसापासून नुसतं कोपऱ्यातल्या न फुटलेल्या अंड्याच्या चित्राकडे बोट दाखवायचे. बहुतेक जण तिकडे वळायचे, काही हसायचे.

14 पैकी पाच चित्रं गेली. खर्च जेमतेम निघाला, म्हणजे फ्रेमवाल्याचे पैसे देऊन थोडे उरले. बुडबुड्यांच्या खळ्या पडलेला अरुण माझ्या स्टुडिओत आहे, आता पुरता सुकलाय. दर्भाचं पातं ज्यांनी नेलं त्यांनी महिन्यापूर्वी फोन केला. त्यांना जोडीला गरुड हवाय, आगाऊ रक्कमही द्यायला तयार आहेत. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण कॅनव्हास ताणून त्यावर जेसोचे, म्हणजे रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात देऊन ठेवलेत.