दापोलीला एम.एस्सी.ला येताय? विषय घेण्याआधी आंब्याचं वर्ष बघा

कोकण कृषी विद्यापीठात उद्यानविद्येला नंबर लागला की निम्मे जण हापूसवर काम करायचं ठरवूनच येतात. जरूर करा. पण हापूसच्या झाडाला तुमच्या सेमिस्टरशी काही देणंघेणं नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

कल्टारचंच घ्या, म्हणजे झाडाची पालेवाढ रोखून मोहोर आणणारं पॅक्लोब्युट्राझोल हे औषध. ते द्यायचं १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, पावसाची उघडीप बघून. झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजायचा, मीटरला ३ मिली या हिशोबाने औषध पाण्यात कालवायचं, बुंधा आणि फांद्यांची टोकं यांच्या मधोमध गोलाकार २५-३० खड्डे मारून त्यात सारखं वाटून ओतायचं. मोहोर दिसणार नोव्हेंबर-डिसेंबरपासून, फळं हातात येणार मार्च ते मे. प्रवेश, गाईड, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) हे सगळं मार्गी लागेपर्यंत पाऊस संपलेला असतो. म्हणजे पहिला हंगाम गेला. उरला एकच. त्यात अवकाळी आला किंवा तुडतुड्यांनी रस शोषून मोहोर घालवला, तर तक्त्यात भरायला आकडेच नाहीत. माझ्या वेळी ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला, वाटाण्याएवढी कैरीसुद्धा टिकली नाही आणि पदवी लांबली. घरची ओढाताण असताना ते दिवस फार जड गेले.

घाबरू नका, वाट आहे. कोय कलम (कोयीपासून उगवलेल्या कोवळ्या रोपावर बांधलेलं), काजूचं मृदुकाष्ठ कलम (रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर बांधलेलं), काढणीनंतरची प्रक्रिया, या विषयांना मोहोराची वाट बघावी लागत नाही. कलम बांधायला मात्र नर्सरीतल्या जुन्या माळीकाकांकडूनच शिका. त्यांचा चाकू कसा फिरतो ते शेजारी बसून बघा, पुस्तकात ते मिळत नाही.

गाईड निवडताना नावावर जाऊ नका. सकाळी प्लॉटवर भेटणारा माणूस निवडा. आणि मागच्या बॅचचे आकडे थोडे फिरवून थिसिस उभा करायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्यापासून लांब राहा. उद्या त्या शिफारशीवर एखादा बागायतदार कर्ज काढून पैसे घालणार असतो.

नोकरीचं स्पष्ट सांगतो: गाव डोंगरावरचं, लहान. पैसा फिरतो तो विद्यापीठ, आंबा-काजू आणि मुरूड-कर्द्याला येणाऱ्या पर्यटकांवर. कंपन्या इथे शोधू नका. रोपवाटिका, काजू प्रक्रिया, बागांना सल्ला, यात हात बसला तर पोट भरतं. खोली पावसाळ्यातच बघून ठेवा, मे महिन्यात भाव ऐकवत नाहीत.

धीर सोडू नका. विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रातून रत्ना ही आंब्याची जात १९८१ साली आली आणि रत्ना-हापूसच्या संकरातून सिंधू आली १९९२ मध्ये. इथल्या कामाला वर्षं लागतात, तुमचं एखादं वर्ष गेलं म्हणून तुम्ही मागे पडत नाही.

तरीही हापूसच हवा असेल तर प्रवेशाचं पत्र मिळाल्याबरोबर गाईडना एकच विचारा: सर, यंदा कुठल्या झाडांना कल्टार दिलंय? ती झाडं निरीक्षणाला मिळाली तर पहिला हंगाम वाचतो.